चुना, काच आणि नेत्रभिंग

पदार्थावर पडलेला प्रकाश चार वाटांनी जाऊ शकतो. तो पृष्ठभागावरून मागे फिरतो, आत शिरून शोषला जातो, आतल्या आत दिशा बदलत विखुरतो किंवा सरळ पलीकडे निघून जातो. प्रत्येक पदार्थात हे चारही प्रकार कमी-अधिक घडतच असतात. पलीकडे जाणारा वाटा मोठा असेल आणि किरणांची मांडणी न विस्कटता ते बाहेर पडत असतील, तर पदार्थ पारदर्शक. प्रकाश येतो पण पलीकडचे चित्र येत नाही, तो अर्धपारदर्शक. पलीकडे काहीच पोचत नाही, तो अपारदर्शक. शाळेत मेणबत्तीसमोर काच, तेलकट कागद आणि पुठ्ठा धरून ही तीन नावे शिकवतात, आणि तिथेच एक गैरसमज रुजतो: काच जातीनेच पारदर्शक आणि चुना जातीनेच अपारदर्शक. हा समज टिकत नाही. तो कसा कोसळतो हे पाहायला चेन्नई शहर फार सोयीचे आहे, कारण कॅल्शियम कार्बोनेट या एकाच पदार्थाची जवळजवळ सगळी रूपे या शहराच्या इतिहासात सापडतात.

जुन्या मद्रासची ओळख असलेला पांढराशुभ्र गिलावा याच पदार्थाचा. त्याला इंग्रज ‘चुनाम’ म्हणत. किनाऱ्यावरचे आणि खाजणातले शिंपले भट्टीत भाजले की त्यांतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विझवून, बारीक घोटून भिंतीवर लावायचा. त्यात गूळ, अंड्याचा पांढरा भाग अशा वस्तू मिसळत, आणि शेवटचा थर ओला असतानाच गुळगुळीत दगडाने घासघासून चकचकीत करत. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुना हळूहळू पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. म्हणजे शिंपला भट्टीतून फिरून भिंतीवर परततो. विल्यम हॉजेस हा इंग्रज चित्रकार १७८० साली मद्रासला उतरला, तेव्हा या गिलाव्याने मढवलेल्या खांबांच्या रांगा पाहून त्याला उंची संगमरवराची आठवण झाली. त्याची तुलना त्याला वाटली त्याहून नेमकी होती. संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटच आहे.

याच पदार्थाचा मोठा, निर्दोष स्फटिक मात्र पाण्यासारखा नितळ असतो. त्याचे नाव कॅल्साइट. आइसलँडमध्ये त्याचे उत्तम स्फटिक सापडत म्हणून त्याला ‘आइसलँड स्पार’ म्हणतात. छापील मजकुरावर तो ठेवला तर अक्षरे स्वच्छ दिसतात, फक्त प्रत्येक अक्षर दोनदा दिसते. रेणू तेच, रासायनिक सूत्र तेच. तरी एका रूपातून पुस्तक वाचता येते आणि दुसऱ्या रूपाच्या भिंतीआड दुपारचे ऊनही कळत नाही. फरक घटकांत नाही, घडणीत आहे.

घडण म्हणजे काय हे समजायला काचेपासून सुरुवात केलेली बरी. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. जांभळा टोकाला ४०० च्या आसपास, तांबडा ७०० च्या आसपास. अणूंमधले इलेक्ट्रॉन ऊर्जा घेतात ती ठरावीक मापाच्या घासांनीच. काचेतल्या इलेक्ट्रॉनांना वरच्या पायरीवर जायला लागणारा घास इतका मोठा असतो की दृश्य प्रकाशाचा कुठलाच रंग तेवढी ऊर्जा देऊ शकत नाही. शोषण होत नाही, म्हणून प्रकाश पुढे जातो. अतिनील किरणांची ऊर्जा जास्त असते आणि त्यांतला बराच भाग खिडकीची साधी काच गिळते. बंद काचेआड बसलेल्याची त्वचा उन्हाने सहसा भाजत नाही, ते त्यामुळेच.

पण न शोषणे एवढेच पुरेसे नाही. आतून पदार्थ एकसारखाही हवा. चेन्नईपासून सुमारे ४० किलोमीटरवर श्रीपेरुंबुदूर इथे सेंट-गोबेन या मूळच्या फ्रेंच कंपनीचा काचेचा मोठा कारखाना २००० सालापासून चालतो. वाळू, सोडा ॲश, चुनखडी, डोलोमाइट आणि जुन्या काचेचा चुरा सुमारे १,५०० अंश सेल्सिअसला वितळवून तिथे काच करतात. यातली चुनखडी म्हणजे पुन्हा कॅल्शियम कार्बोनेटच. ती नसेल तर वाळू आणि सोड्याची काच पाण्यात विरघळते. भट्टीतला बराच वेळ वितळवण्यापेक्षा बुडबुडे आणि न विरघळलेले कण घालवण्यात जातो, कारण प्रकाशाच्या वाटेत आलेला प्रत्येक बुडबुडा त्याला फोडतो. मग ही काच वितळलेल्या कथलावर तरंगत सोडतात. द्रवावर द्रव पसरला की दोन्ही बाजू आपोआप सपाट होतात, घासायची गरजच उरत नाही. पिल्किंग्टन या ब्रिटिश कंपनीने ही ‘फ्लोट’ पद्धत १९५९ साली जाहीर केली. त्याआधी आरशासारखी सपाट काच हवी असेल तर दोन्ही बाजूंनी घासून चकचकीत करावी लागे.

एवढे करूनही काच पूर्ण पारदर्शक होत नाही. हवेतून काचेत शिरताना सुमारे ४ टक्के प्रकाश मागे फिरतो आणि काचेतून हवेत बाहेर पडताना आणखी तेवढाच. दिवसा हे लक्षात येत नाही. रात्री उजेड असलेल्या लोकलच्या खिडकीत बाहेरचे काही न दिसता आपलाच चेहरा दिसतो, तो या ८ टक्क्यांचा खेळ असतो. काचेची कड हिरवट दिसते ती वाळूतून आलेल्या लोहामुळे. समोरून पाहताना प्रकाशाला चार-पाच मिलिमीटर काच ओलांडायची असते, कडेने पाहताना कित्येक सेंटिमीटर, आणि तेवढ्या वाटेत लोहाचे किंचित शोषणही डोळ्यांना दिसू लागते. जाडीचा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

हवेच्या आणि काचेच्या सीमेवर ४ टक्के परतावा मिळतो, कारण दोन्हीत प्रकाशाचा वेग वेगळा आहे. या वेगाचे माप म्हणजे अपवर्तनांक: हवेचा जवळजवळ १, पाण्याचा १.३३, काचेचा सुमारे १.५. दोन अंकांत जेवढे अंतर जास्त तेवढे सीमेवरचे परावर्तन आणि वळण जास्त. आता तीच काच खलात कुटली तर प्रत्येक कणाला हवेशी भिडणारा स्वतःचा पृष्ठभाग मिळतो. दोन सीमांऐवजी हजारो सीमा. प्रत्येकीवर थोडा प्रकाश मागे, थोडा तिरपा. काही कण ओलांडेपर्यंत मूळ दिशेचा मागमूस उरत नाही आणि जवळजवळ सगळा प्रकाश आला त्याच बाजूने बाहेर पडतो. कुठलाच रंग शोषला गेलेला नसतो, म्हणून भुकटी पांढरी दिसते. मीठ, साखर, चेन्नईच्या उंबऱ्यांवरच्या कोलमचे, म्हणजे रांगोळीचे, तांदळाचे पीठ, समुद्राचा फेस, सगळ्यांचा पांढरेपणा असाच उसना आहे. ‘चुना’ हा मराठी शब्द संस्कृत ‘चूर्ण’ पासून आला आणि इंग्रजांचा ‘चुनाम’ ही त्याच मुळाचा. चुना पांढरा का, याचे निम्मे उत्तर त्याच्या नावातच आहे: तो चूर्ण आहे म्हणून.

हे खरे असेल तर कणांमधली हवा घालवताच पांढरेपणा कमी व्हायला हवा, आणि तसेच होते. भिंतीला चुन्याचा हात दिला की ओला असेपर्यंत तो फिका, जवळजवळ दिसेनासा असतो. नवख्या माणसाला वाटते की चुना पातळ झाला. वाळल्यावर भिंत पांढरीफेक पडते. ओलेपणी कणांमध्ये पाणी असते, त्याचा अंक चुन्याच्या जास्त जवळचा. पाणी उडाले की तिथे हवा येते आणि प्रत्येक सीमा जोमाने प्रकाश फेकू लागते. भजी ठेवलेल्या वर्तमानपत्रावर तेलाचा डाग पडतो तिथून पलीकडची अक्षरे दिसतात, कारण तेलाचा आणि कागदाच्या तंतूंचा अपवर्तनांक जवळजवळ सारखा असतो. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर लाटेत भिजलेली पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचे धोतर, अंगाला चिकटून आरपार होते तेही त्याच कारणाने, फक्त पाण्याचा अंक सुताशी तितका जुळत नसल्याने काम अर्धवट राहते. दुधी काच म्हणजे एका बाजूने खरवडलेली साधी काच. तिच्या खरखरीत बाजूवर चिकटपट्टी लावली की तेवढी जागा स्वच्छ होते. न्हाणीघराच्या दाराला दुधी काच बसवणाऱ्याने हे लक्षात ठेवून खरखरीत बाजू कुठे ठेवायची ते ठरवावे.

संगमरवर या दोन टोकांच्या मध्ये बसतो. त्यात कॅल्साइटचे कण एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात, मध्ये हवा जवळजवळ नाही. पण कॅल्साइटचा अपवर्तनांक दिशेप्रमाणे १.४९ पासून १.६६ पर्यंत बदलतो आणि शेजारच्या दोन कणांची तोंडे वेगळ्या दिशांना असतात. प्रत्येक सीमेवर प्रकाश किंचित वळतो, परततो मात्र थोडाच. त्यामुळे तो दगडात काही अंतर शिरून मग बाहेर येतो आणि दगडाला आतून उजळल्यासारखी कांती येते. पातळ कापलेली संगमरवरी फरशी दिव्यासमोर धरली तर उजळते. चुनामची चकाकी यापेक्षा वेगळी: तिथे घोटून फक्त पृष्ठभाग सपाट केलेला असतो आणि खोलीचा आभास बराचसा त्या वरच्या झिलईचा असतो. हॉजेसचा डोळा फसला यात नवल नाही.

कॅल्साइटच्या त्या नितळ स्फटिकापासून विल्यम निकोल या स्कॉटिश संशोधकाने १८२८ साली एक लोलक बनवला. स्फटिक तिरका कापून कॅनडा बाल्समने पुन्हा जोडला की तो एकाच प्रतलात कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित प्रकाश तेवढा पुढे सोडतो. जवळजवळ शंभर वर्षांनी असा एक निकोल लोलक चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या खिशात होता. रामन मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे विद्यार्थी. मरीनासमोरच्या या कॉलेजात असतानाच १९०६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांचा प्रकाशाच्या विवर्तनावरचा पहिला शोधनिबंध लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये छापून आला. १९२१ साली युरोपहून ‘नारकुंडा’ बोटीने परतताना भूमध्य समुद्राच्या गडद निळाईकडे पाहून त्यांना एक जुने मत खटकले. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले म्हणत, समुद्राची निळाई म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब. पाण्याच्या पृष्ठभागावरून सुमारे ५३ अंशांनी परावर्तित झालेला प्रकाश जवळजवळ पूर्ण ध्रुवित असतो. निकोल लोलक योग्य कोनात फिरवला की तो पुसला जातो. रामन यांनी तो पुसला आणि समुद्र आणखीच निळा दिसला. निळा रंग पाण्याच्या आतून येत होता. बोट मुंबई बंदरात लागली तेव्हा या विषयावरचे त्यांचे पत्र तयार होते; ‘नेचर’ साप्ताहिकात ते छापले गेले त्यावर ठिकाण आहे मुंबई बंदर.

म्हणजे अगदी स्वच्छ पाणीही प्रकाश विखुरते. रेणूंच्या सततच्या हालचालीमुळे कुठे क्षणभर दाटी होते, कुठे विरळता, आणि एवढ्या सूक्ष्म असमानतेवरही प्रकाश थोडा विकिरित होतो. निळा तांबड्याच्या साधारण पाच-सहा पट. त्यातच पाणी तांबडा रंग शोषते, आणि खोल समुद्राच्या निळाईत आज या शोषणाचा वाटा मोठा मानला जातो. ग्लासातले पाणी रंगहीन आणि समुद्र निळा, हा फरक पुन्हा जाडीचा. सर्वांत नितळ समुद्रातही २०० मीटरखाली वनस्पतींना पुरेसा प्रकाश पोचत नाही आणि १,००० मीटरखाली सूर्यप्रकाशाचा लवलेशही नसतो. पुरेसे खोल गेले तर पाणीही अपारदर्शक. मरीनाचा किनारा निळा न दिसता मातकट दिसतो, कारण लाटांनी ढवळलेली वाळू आणि गाळ रेणूंच्या विकिरणावर केव्हाच मात करतात. रामन मात्र त्या सूक्ष्म विकिरणाच्या मागे लागले. कलकत्त्यात सहकारी के. एस. कृष्णन यांच्यासह पारदर्शक द्रवांवर काम करताना त्यांना दिसले की विखुरलेल्या प्रकाशाचा अत्यल्प भाग रंग बदलून बाहेर पडतो. २८ फेब्रुवारी १९२८ चा हा शोध, १९३० चे नोबेल.

शोषण आणि विकिरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे चेन्नईच्या कॉफीइतके स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसते. फिल्टरमधून उतरलेले डिकॉक्शन जवळजवळ काळे असते, तरी चमच्यात घेऊन उजेडात धरले तर ते पारदर्शक तांबूस-तपकिरी आहे हे कळते. ते प्रकाश खाते, विस्कटत नाही. दूध उलट वागते. त्यातले स्निग्धाचे गोलक काही मायक्रोमीटरचे आणि केसिन प्रथिनाचे कण त्याहून कितीतरी लहान. ते प्रकाश जवळजवळ खात नाहीत, फक्त फेकतात. टंबलरमध्ये दोन्ही मिसळले की प्रत्येक किरण बाहेर पडण्याआधी दुधाच्या कणांवर अनेकदा आपटतो, त्या वळणावळणाच्या वाटेत कॉफी त्याचा निळा भाग शोषून घेते आणि तो परिचित बदामी रंग उरतो.

उन्हाळ्यात चेन्नईच्या रस्त्यांवर मिळणारा ‘नुंगू’, म्हणजे आपला ताडगोळा, अर्धपारदर्शकतेचा उत्तम नमुना. त्याच्या पाणीदार गरात विकिरण होते, पण अंकांतला फरक किरकोळ असल्याने किरण थोडाच वळतो आणि बहुतेक वेळा पुढच्याच दिशेने जातो. प्रकाश पलीकडे पोचतो, चित्र पुसले जाते. ट्रेसिंग पेपरवर हे मोजूनही पाहता येते: छापील पानाला टेकवला तर अक्षरे वाचता येतात, दोन बोटे उचलला की नाहीशी होतात. किरण तेवढाच वळतो, पण अंतर वाढल्यावर ते वळण मोठी चूक घडवते. शॉवरच्या पडद्याला टेकलेला हात स्पष्ट दिसतो आणि मागे उभा माणूस दिसत नाही, त्याचे कारण हेच.

चुनाममध्ये घातला जाणारा अंड्याचा पांढरा भाग नावापुरता पांढरा. कच्चा असताना तो पारदर्शक असतो. उष्णतेने त्यातली प्रथिने उलगडतात, एकमेकांत गुंततात, त्यांचे गठ्ठे प्रकाशाच्या तरंगलांबीएवढे होतात आणि विकिरण सुरू होते. माणसाच्या नेत्रभिंगातही क्रिस्टलिन नावाची प्रथिने अशीच दाटीवाटीने, पण एकजीव भरलेली असतात. वयाबरोबर त्यांचे गठ्ठे जमू लागले की भिंग गढूळ होते. तो मोतीबिंदू. उकडलेले अंडे पूर्ववत होत नाही, तसे गढूळ भिंगही साफ होत नाही. काढून कृत्रिम भिंग बसवावे लागते.

मोतीबिंदूशी या प्रदेशाचे नाते जुने आहे. मद्रासचे नेत्ररुग्णालय १८१९ साली सुरू झाले, आज ते एग्मोरला आहे आणि जगातल्या सर्वांत जुन्या नेत्ररुग्णालयांत त्याची गणना होते. डॉ. एस. एस. बद्रिनाथ यांनी १९७८ मध्ये स्थापन केलेले शंकर नेत्रालय अलीकडचे. मराठी वाचकाने मात्र आधी तंजावरकडे पाहावे. तिथले मराठा राजे सरफोजी भोसले, दुसरे, यांचे तरुणपणीचे काही शिक्षण मद्रासला झाले. १७९८ ते १८३२ या त्यांच्या कारकिर्दीत त्यांनी वैद्यकात, विशेषतः डोळ्यांच्या रोगांत जातीने लक्ष घातले. त्यांच्याकडे उपचार घेतलेल्या रुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. कुठल्या डोळ्यात गढूळपणा कुठे होता हे चित्रकाराने रंगवून ठेवले आहे. पारदर्शकता हरपल्याची इतकी काळजीपूर्वक नोंद त्या काळात विरळा.

डोळ्याच्या पुढच्या भागात तर चुना आणि कॅल्साइटचीच गोष्ट नव्याने घडते. बुबुळावरचे पारपटल आणि शेजारचा डोळ्याचा पांढरा भाग दोन्ही मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचे. पांढऱ्या भागात तंतू कमी-जास्त जाडीचे आणि वेडेवाकडे, म्हणून तो अपारदर्शक. पारपटलात ते सुमारे ३० नॅनोमीटर जाडीचे, एकसारखे आणि जवळजवळ समान अंतरावर रचलेले. प्रत्येक तंतू प्रकाश थोडा विखुरतोच, पण अंतरे सारखी असल्याने बाजूला जाणारे तरंग एकमेकांना खोडून काढतात आणि पुढे जाणारे तेवढे उरतात. डेव्हिड मॉरिस यांनी १९५७ साली हे स्पष्टीकरण मांडले. पारपटलाच्या आतल्या पेशींचा थर सतत पाणी बाहेर उपसत असतो. तो थकला, पाणी साचले, तंतूंची अंतरे बिघडली की नजर धुरकट होते.

धातूंची अपारदर्शकता या सगळ्यापेक्षा निराळी. त्यात मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन असतात. प्रकाशाचा तरंग आला की ते त्याच्या तालावर हलतात आणि बहुतेक ऊर्जा परत फेकतात. आत गेलेला थोडा भाग काही दशक नॅनोमीटरमध्येच विझतो. पण काही दशक नॅनोमीटर म्हणजे शून्य नव्हे. ठोकून अतिशय पातळ केलेला सोन्याचा वर्ख दिव्यासमोर धरला तर त्यातून हिरवट उजेड झिरपतो, कारण सोने तांबडा-पिवळा परत फेकते आणि निळ्या-हिरव्यातला थोडा जाऊ देते. तंजावरच्या चित्रांत देवांच्या दागिन्यांवर बसवलेला सोन्याचा पत्रा मागून उजेडात कोणी पाहत नाही, पाहू नये. त्याची कामगिरी समोरून चमकण्याची आहे.

शेवटी प्रश्न उरतो तो कुठल्या प्रकाशासाठी पारदर्शक, हा. मे महिन्यात चेन्नईत उन्हात बंद करून ठेवलेली गाडी उघडली की आतून भट्टीची धग येते. काचेने ऊन आत सोडले. तापलेल्या आसनांतून निघणाऱ्या लांब तरंगांच्या अवरक्त किरणांना मात्र ती बाहेर जाऊ देत नाही. डोळ्यांना आरपार दिसणारी काच उष्णतेच्या त्या किरणांना भिंतीसारखी असते. त्यावर उपाय म्हणून लोक काळी फिल्म चिकटवत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये समोरच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश आत यावा असे ठरवले होते, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने फिल्म लावण्याला मनाई केली. पारदर्शकतेची टक्केवारी कायद्यात लिहिली गेल्याचे हे बहुधा सर्वांत परिचित उदाहरण. आता काचेवरच चांदीसारख्या धातूचा काही नॅनोमीटरचा लेप देतात. तो दृश्य प्रकाश बराचसा सोडतो आणि अवरक्त परत फेकतो.

याच्या अगदी उलट वागतो जर्मेनियम. डोळ्यांना तो करड्या धातूसारखा, ठार अपारदर्शक. पण उष्णतेच्या किरणांना तो मोकळी वाट देतो. अंगाची ऊब टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याचे भिंग म्हणूनच बरेचदा जर्मेनियमचे असते. अशा कॅमेऱ्यासमोर काचेच्या तावदानाआड माणूस उभा राहिला तर पाहणाऱ्याला तो लख्ख दिसतो, कॅमेऱ्याला दिसते फक्त तावदानाचे तापमान.